वर्ग गेले, मास्क राहिला

२०११ च्या जनगणनेत तलासरी तालुक्याची लोकसंख्या १,५४,८१८ भरली आणि शेजारच्या डहाणू तालुक्याची ४,०२,०९५. समजा, या दोन तालुक्यांतल्या प्रत्येकाच्या हाती एकेक फोन आला आणि प्रत्येक फोनला इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, द्यायचं ठरलं. तर किती पत्ते मागवावे लागतील? जितकी माणसं तितके, असं कुणीही म्हणेल. पण १९८० च्या दशकात हे उत्तर चाललं नसतं. तेव्हा पत्ते हवे तेवढे मिळत नसत. ते तीनच मापांच्या गटांत मिळत: २५४ चा गट, ६५,५३४ चा गट आणि थेट १,६७,७७,२१४ चा गट. तलासरीला पहिला पुरत नाही, दुसराही पुरत नाही. तिसरा घेतला तर दीड लाख पत्ते वापरात येतात आणि एक कोटी सहासष्ट लाख नुसते पडून राहतात.

आयपी पत्त्यांचे ‘क्लास ए, बी, सी’ म्हणून कॉम्प्युटरच्या पुस्तकांत जो तक्ता असतो, तो या तीन मापांचा. मुलं तो घोकतात, परीक्षेत लिहितात. इंटरनेटने मात्र ही वर्गवारी १९९३ मध्येच मोडीत काढली. आज प्रत्येक फोन आणि राउटर ज्याच्या आधारावर चालतो, तो आहे सबनेट मास्क. वर्ग का आले, का गेले आणि मास्कने त्यांची जागा कशी घेतली, हे डहाणू-तलासरीच्याच आकड्यांवर ताडून पाहिलं तर सारा विषय उलगडतो.

पत्त्याचे दोन भाग

आयपी पत्ता म्हणजे ३२ बिटांची, अर्थात ३२ शून्य-एकांची, एक संख्या. वाचायला सोपं जावं म्हणून तिचे आठ-आठ बिटांचे चार भाग पाडतात आणि मधे टिंबं देऊन नेहमीच्या आकड्यांत लिहितात: १९२.१६८.१०.१५०. आठ बिटांत ० ते २५५ एवढेच आकडे मावतात, म्हणून कुठल्याही पत्त्यात २५५ च्या वरचा आकडा सापडत नाही. ३२ बिटांतून एकूण पत्ते होतात ४,२९,४९,६७,२९६. सव्वाचारशे कोटींहून थोडे जास्त.

दिसायला पत्ता सलग असला तरी त्याचे भाग दोन. पुढचा भाग नेटवर्कचा, मागचा त्या नेटवर्कमधल्या एका यंत्राचा. ही मांडणी मराठी वाचकाला ओळखीची आहे, कारण पिनकोडही असाच चालतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्याची आखणी केली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. वेलणकर तेव्हा दळणवळण खात्यात वरिष्ठ पदावर होते. डहाणूचा पिन ४०१६०१, डहाणू रोडचा ४०१६०२, तलासरीचा ४०१६०६. तिन्हींचे पहिले तीन आकडे एकच: ४०१. कोलकात्यात पत्रं निवडणाऱ्या कर्मचाऱ्याला तलासरी कुठे आहे हे ठाऊक असण्याचं कारण नाही. ४०१ दिसलं की पत्र त्या पिशवीत. मागचे तीन आकडे कामाला येतात ते पत्र या भागात पोचल्यावर. सीमा ओलांडून गुजरातेतल्या उंबरगावात गेलं की पिन होतो ३९६१७०; पहिल्याच आकड्याला वाट बदलते.

राउटर नेमकं हेच करतो. तो पत्त्याचा फक्त नेटवर्कचा भाग पाहतो आणि डेटाचं पाकीट त्या दिशेला पुढे ढकलतो. जगातल्या प्रत्येक यंत्राची नोंद ठेवायची वेळ त्याच्यावर येत नाही, म्हणून तर इंटरनेट चालतं.

फरक एकच, पण कळीचा. पिनकोडमधली फाळणी तिसऱ्या आकड्यानंतर ठरलेली आहे. आयपी पत्त्याच्या ३२ बिटांत ती रेघ कुठे मारायची? या एका प्रश्नाला वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरं मिळाली.

तीन मापं

सुरुवातीला रेघ पहिल्या आठ बिटांनंतर मारली होती. त्यामुळे जगभरात जास्तीत जास्त २५६ नेटवर्क शक्य होती. अमेरिकेतली मोजकी विद्यापीठं आणि लष्करी संस्था एवढाच पसारा होता, तोवर हे खपून गेलं. पसारा वाढू लागला तसं ते अपुरं पडणार हे दिसू लागलं. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली आयपीच्या नियमांचा प्रमाण दस्तऐवज निघाला आणि त्यात वर्ग आले.

कल्पना अशी होती: पत्त्याचे अगदी सुरुवातीचे बिट पाहूनच रेघ कुठे आहे ते कळावं. पहिला बिट ० असेल तर तो ए वर्ग. नेटवर्कसाठी ८ बिट, यंत्रांसाठी २४. पहिले दोन बिट १० असतील तर बी वर्ग; १६ आणि १६. पहिले तीन ११० असतील तर सी वर्ग; २४ आणि ८. आकड्यांत सांगायचं तर पहिला भाग १ ते १२६ असेल तर ए, १२८ ते १९१ असेल तर बी, १९२ ते २२३ असेल तर सी. मधला १२७ राखून ठेवला, यंत्राने स्वतःशीच बोलण्यासाठी. पुढे डी वर्ग (२२४ ते २३९) एकाच वेळी अनेकांना डेटा पाठवण्यासाठी दिला गेला आणि ई वर्ग (२४० ते २५५) भविष्यासाठी बाजूला ठेवला.

सी वर्गात आठ बिट म्हणजे खरं तर २५६ पत्ते. पण पहिला पत्ता त्या नेटवर्कचं नाव म्हणून वापरतात आणि शेवटचा ‘सगळ्यांना उद्देशून’, म्हणजे ब्रॉडकास्टसाठी. म्हणून यंत्रांना उरतात २५४. बी आणि ए वर्गातही असेच दोन-दोन वजा होतात.

त्या काळी ही योजना शहाणपणाची होती. राउटर मंद होते, त्यांची मेमरी तुटपुंजी. पत्त्यासोबत रेघेची वेगळी माहिती वाहून नेण्याची गरज नाही, दोन-तीन बिट पाहिले की काम झालं, ही मोठी सोय होती.

उणीव होती ती मापांमधल्या दरीत. २५४ च्या पुढचं माप थेट साडेपासष्ट हजार, आणि त्याच्या पुढचं पावणेदोन कोटींच्या घरात. अमेरिकेतल्या एमआयटीला १८ ने सुरू होणारा संपूर्ण ए वर्ग मिळाला, ॲपल कंपनीला १७ चा, फोर्ड मोटर कंपनीला १९ चा. एकेका संस्थेकडे एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक पत्ते. भारतात १९८६ मध्ये अर्नेट हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला. पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईतली एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था त्यात होत्या. अर्नेटच्या नावावर १४४.१६ ने सुरू होणारा बी वर्गाचा गट आहे. म्हणजे तिकडे एका विद्यापीठाला जेवढे पत्ते मिळाले, त्याच्या दोनशे छपन्नाव्या हिश्शाएवढा हा गट, आणि तो देशभरातल्या संस्थांनी वाटून घ्यायचा.

आता डहाणूचा हिशोब. ४,०२,०९५ पत्त्यांसाठी बी वर्गाचे सहा गट घेतले तर ३,९३,२०४ पत्ते मिळतात. ८,८९१ माणसं बाहेर राहतात. सातवा घ्यावाच लागतो. सी वर्ग घ्यायचा म्हटला तर १,५८३ गट घेऊनही १३ जण उरतात, म्हणून १,५८४ गट. यात पत्ते फारसे वाया जात नाहीत, पण प्रत्येक गट हे स्वतंत्र नेटवर्क असल्यामुळे जगभरातल्या मुख्य राउटरांना एकट्या डहाणू तालुक्यासाठी १,५८४ नोंदी ठेवाव्या लागल्या असत्या. साऱ्या जगाचा कारभार असा चालवायचा तर राउटरांची मेमरीच संपली असती.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन्ही संकटं खरोखरच समोर उभी राहिली. मध्यम आकाराच्या प्रत्येक संस्थेला बी वर्ग हवा होता आणि बी वर्ग संपत आले होते. राउटरांच्या नोंदवह्याही फुगत चालल्या होत्या.

रेघ सरकवण्याची सोय

उपायाचं बीज आधीच पडलेलं होतं. ऑगस्ट १९८५ मध्ये जेफ्री मोगल आणि जॉन पोस्टेल यांनी सबनेटची पद्धत प्रमाणित केली. मोठं नेटवर्क मिळालेल्या संस्थेने आतल्या आत त्याचे तुकडे कसे करावेत, याचे ते नियम. त्यासाठी पत्त्याबरोबर आणखी एक ३२ बिटांची संख्या आली: सबनेट मास्क. मास्कमध्ये आधी सगळे एक, मग सगळे शून्य. जिथवर एक आहेत तिथवर नेटवर्क, शून्य सुरू झाले की यंत्र. २५५.२५५.२५५.० या मास्कमध्ये २४ एक आणि ८ शून्य असतात. थोडक्यात लिहायचं तर ‘/२४’.

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते पाहण्यासाठी तलासरीतलं एखादं महाविद्यालय डोळ्यांसमोर आणू. वसतिगृहात सुमारे १०० फोन, कॉम्प्युटर लॅबमध्ये ४० यंत्रं, कार्यालयात १२, ग्रंथालयात ५. हाताशी १९२.१६८.१०.० पासून १९२.१६८.१०.२५५ पर्यंतचे २५६ पत्ते. मुलांच्या फोनवरून कार्यालयातल्या फीच्या नोंदींपर्यंत कुणी पोचू नये, म्हणून चारही विभाग वेगळे ठेवायचे आहेत.

पहिला विचार येतो चार सारखे भाग करण्याचा. प्रत्येकी ६४, त्यातले दोन वजा, म्हणजे ६२. वसतिगृह तिथेच अडतं. १०० फोन ६२ पत्त्यांत बसत नाहीत आणि ग्रंथालयात ५७ पत्ते रिकामे राहतात. एकच माप सगळ्यांना लावलं की जे जगाचं झालं, तेच महाविद्यालयाचं होतं.

म्हणून गरजेप्रमाणे मोठ्यापासून लहानाकडे वाटप करायचं. वसतिगृहाला ० ते १२७, मास्क २५५.२५५.२५५.१२८, वापरता येतात १२६. लॅबला १२८ ते १९१, मास्क शेवटी १९२, मिळतात ६२. कार्यालयाला १९२ ते २०७, मास्क शेवटी २४०, मिळतात १४. ग्रंथालयाला २०८ ते २१५, मास्क शेवटी २४८, मिळतात ६. चौघांची सोय झाली आणि २१६ च्या पुढचे ४० पत्ते शिल्लक राहिले, उद्या सीसीटीव्ही बसवायला.

लॅबमधल्या १९२.१६८.१०.१५० या यंत्राला आपण कुठल्या विभागात आहोत हे कसं कळतं? ते पत्ता आणि मास्क एकाखाली एक मांडतं. जिथे मास्कमध्ये १ असेल तिथे पत्त्याचा बिट तसाच ठेवायचा, जिथे ० असेल तिथे ० लिहायचं. पहिले तीन भाग जसेच्या तसे राहतात. शेवटचा १५० म्हणजे १००१०११०. मास्कचा १९२ म्हणजे ११००००००. उत्तर येतं १०००००००, म्हणजे १२८. यंत्राचं नेटवर्क ठरलं: १९२.१६८.१०.१२८. समोरच्याचा पत्ता याच मास्कखाली १२८ देत असेल तर तो आपल्याच विभागातला, थेट बोलायचं. वेगळं उत्तर आलं तर पाकीट राउटरकडे सोपवायचं. इंटरनेटवर पाठवलेलं प्रत्येक पाकीट निघण्याआधी हा एवढासा हिशोब होतो.

१९९३ च्या सप्टेंबरमध्ये व्हिन्स फुलर, टोनी ली, जेसिका यू आणि कन्नन वरधन यांनी हीच सोय संस्थेच्या भिंतीबाहेर आणली. वर्ग रद्द. यापुढे रेघ कुठल्याही बिटावर मारता येईल आणि पत्त्याबरोबर ‘/’ लावून ती सांगितली जाईल. या पद्धतीचं नाव सीआयडीआर, उच्चार ‘सायडर’.

या नियमाने तलासरीला /१४ चा एक गट पुरतो. त्यात २,६२,१४४ पत्ते असतात. दीड लाख वापरून पुढच्या वाढीलाही जागा राहते. डहाणूला /१३ लागतो, ५,२४,२८८ पत्त्यांचा. आणि जगातल्या राउटरांना १,५८४ ऐवजी एकच नोंद ठेवावी लागते. संपूर्ण पालघर जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या होती २९,९०,११६. तिला /१० चा एक गट, म्हणजे ४१,९४,३०४ पत्ते, पुरून उरतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला, तेव्हा कागदोपत्री सीमा नव्याने आखल्या गेल्या. मास्कमुळे पत्त्यांच्या सीमाही अशाच, गरज पडेल तशा, नव्याने आखता येतात.

आजचा डहाणूतला फोन

सायडरने पत्ते जपून वापरायला शिकवलं, पण एकूण पत्ते वाढवले नाहीत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गट वाटले गेले. आशिया-प्रशांत विभागाच्या एपनिक संस्थेच्या वाट्याला १०३ ने सुरू होणारा गट आला आणि १५ एप्रिल २०११ पासून तिने त्यातून रेशनिंग सुरू केलं: एका सभासदाला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते. २०१९ पासून ही मर्यादा ५१२ वर आली. भारतातल्या छोट्या इंटरनेट कंपन्यांचे पत्ते बऱ्याचदा १०३ ने सुरू होतात, ते यामुळेच. जुन्या तक्त्याप्रमाणे १०३ हा ए वर्ग. एकाच मालकाचा असायला हवा होता. आज तो हजारो तुकड्यांत विभागलेला आहे. वर्गाचा तक्ता पाहून या पत्त्याबद्दल काहीही सांगता येत नाही. मास्क पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

मग डहाणूतल्या घराघरांतल्या वायफायला पत्ते कुठून येतात? फेब्रुवारी १९९६ मध्ये तीन गट खासगी वापरासाठी कायमचे राखून ठेवले गेले: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. हे पत्ते इंटरनेटवर फिरत नाहीत, म्हणून कुणीही कितीही वेळा वापरावेत. बोर्डीतल्या एका घरात १९२.१६८.१.५ असेल, तोच घोलवडच्या दुसऱ्या घरात असेल, आणि दोघांची कधीच गाठ पडणार नाही. बाहेर जाताना राउटर खासगी पत्ता काढून त्या जागी सार्वजनिक पत्ता लावतो.

मोबाइल कंपन्यांना तेही पुरेना. एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.०/१० हा गट खास कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी बाजूला काढला गेला. त्यात पत्ते आहेत ४१,९४,३०४. आख्खा पालघर जिल्हा मावेल असा हा /१० चाच गट. कंपनी आपल्या ग्राहकांना असे आतले पत्ते देते आणि त्यातल्या अनेकांना मिळून बाहेरचा एकच सार्वजनिक पत्ता वापरायला लावते. याचा एक परिणाम नागरिकांनी ध्यानात ठेवावा. ऑनलाइन फसवणुकीच्या तपासात नुसता आयपी पत्ता हाती लागून भागत नाही. त्या क्षणी तो पत्ता अनेक जण वापरत असू शकतात. नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यावरच्या जोडण्या वेगळ्या ओळखण्याचा आकडा) जुळवल्यावरच कंपनीच्या नोंदीतून एक ग्राहक सापडतो. तसंच, पिनकोडसारखं गावही त्यावरून ओळखता येत नाही. पत्ता कंपनीचा असतो, गावाचा नसतो.

यावरचा कायमचा तोडगा म्हणजे १२८ बिटांचा आयपीव्ही६. मोबाइल कंपन्यांमुळे भारत त्यात जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. इथला निम्म्याहून अधिक वापर आता त्यावरून होतो. त्यात वर्ग नाहीतच. पण ‘/’ लावून रेघ सांगण्याची रीत तीच आहे.

नेट आहे, प्रिंटर नाही

डहाणू रोड स्टेशनबाहेरचं झेरॉक्सचं दुकान असो, सेवा केंद्र असो की शाळेची लॅब, मास्कची चूक सगळीकडे सारखीच फसवी असते. वरच्या महाविद्यालयातल्या लॅबच्या यंत्राला कुणी सवयीने २५५.२५५.२५५.० असा मास्क भरला, असं धरू. इंटरनेट व्यवस्थित चालतं, कारण राउटरचा पत्ता, १२९, त्याच विभागात आहे. पण कार्यालयातल्या २०० क्रमांकाच्या प्रिंटरवर कागद निघत नाही. चुकीच्या मास्कमुळे यंत्राला प्रिंटर आपल्याच विभागात वाटतो. ते राउटरला न विचारता आपल्याच तारेवर त्याला हाका मारत राहतं. प्रिंटर दुसऱ्या विभागात, त्याला हाक ऐकूच जात नाही. प्रिंटर बदलून, केबल बदलून, विंडोज नव्याने टाकून हे सुटत नाही. शेवटचा आकडा ० चा १९२ केला की सुटतं.

दुसरी ओळखीची खूण १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता. राउटरकडून पत्ता मिळाला नाही की विंडोजचं यंत्र स्वतःच असा पत्ता घेतं. तो दिसला तर इंटरनेट कंपनीला फोन करण्याआधी आपल्या राउटरपर्यंतची जोडणी तपासावी. अडचण तिथेच असते.

परीक्षेत वर्गांचा तक्ता विचारला जातो तोवर विद्यार्थ्यांनी तो पाठ करावा, त्याला इलाज नाही. पण शिक्षकांनी धड्याची सुरुवात मास्कपासून करावी आणि गणितं मुलांच्याच गावातली द्यावीत: आपल्या शाळेत यंत्रं किती, ग्रामपंचायतीत किती, आरोग्य केंद्रात किती, आणि प्रत्येकाला केवढा गट पुरेल. डहाणू-तलासरीत जे तरुण नेटवर्क बसवण्याचं काम हाती घेतील, त्यांनी पहिली तार ओढण्याआधी यंत्रं मोजावीत, वाढीला जागा ठेवावी, आणि कुठल्या विभागाला कुठले पत्ते व कुठला मास्क दिला ते कागदावर लिहून राउटरशेजारी चिकटवून ठेवावं. पुढच्या दुरुस्तीला येणाऱ्याचा अर्धा दिवस वाचेल.